कागद घ्या हो, कागद

नोकरीभर लोकांनी मला बघून शटर अर्धं खाली ओढलं. मी लातूर जिल्ह्यात दिवाणी कोर्टाचा बेलिफ होतो, म्हणजे कोर्टाची समन्सं लोकांना नेऊन देणारा, आता निवृत्त. "मालक गावाला गेल्यात," हे खुद्द मालकानेच गल्ल्यावर बसून मला सांगितलेलं आहे. लातूरच्या बाजारात, गंजगोलाईच्या सोळाही रस्त्यांवर एकच समज: कागद घेतला की माणूस अडकतंय.

अडकतो तो न घेणारा. भाडं थकलं म्हणून दुकान खाली करून घ्यायचं तर मालकाला आधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती बजावल्यापासून नव्वद दिवस उलटल्याशिवाय दावाच लावता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १५. हा कायदा ३१ मार्च २००० ला लागू झाला. त्याआधी आपल्याकडे मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा होता आणि ही भांडणं रेंट कंट्रोलरपुढे चालायची. जुन्या दुकानदारांच्या डोक्यातून तो काळ अजून गेलेला नाही.

बरं, दावा लागला तरी सगळं संपत नाही. समन्स बजावल्यापासून आणखी नव्वद दिवस मिळतात. तेवढ्यात थकलेलं भाडं, त्यावर वर्षाला १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, निकाल लागेपर्यंत पुढचंही भाडं नियमित भरत राहिलं, तर थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूम होत नाही. पाकीट परत पाठवणारा हे दोन्ही नव्वद दिवस आपल्या हाताने घालवतो. पोस्टमनने 'घेण्यास नकार' असा शेरा मारला की नोटीस मिळाली असंच कोर्ट धरतं.

समन्स नाकारलं की बेलिफ हात हलवत परत जातो, असंही पुष्कळांना वाटतं. जात नाही. समन्सची प्रत दारावर चिकटवायची आणि कधी चिकटवली, जागा कोणी दाखवली, कोणासमक्ष, हे सगळं लिहून कोर्टात द्यायचं. दुकानाच्या बाबतीत यात एक गोम आहे. शटरवर चिकटवलं तर सकाळी शटरबरोबर कागदही गुंडाळून वरच्या पेटीत जातो आणि दुकानदार शपथेवर सांगतो, साहेब, मला कागद दिसलाच नाही. खोटं तरी कसं म्हणणार? म्हणून मी डिंक लावायचो तो शेजारच्या भिंतीवर, लाईटच्या मीटरखाली. कायद्यालाही दारच पाहिजे असं नाही, दर्शनी भाग चालतो. घरी गेलो आणि प्रतिवादी नसला तर कुटुंबातल्या सज्ञान माणसाकडे देता येतं, बाई असो की पुरुष. नोकराला मात्र कुटुंबात धरत नाहीत. नोकराच्या हातात कोंबून मोकळे होणारे बेलिफही मी पाहिलेत, आणि मग वकिलांनी त्यांना पिंजऱ्यात उभं करून कसं सोललं तेही.

मग तारखेला पुकारा होतो. प्रतिवादी गैरहजर. दावा एकतर्फी चालवायचा, असं रोजनाम्यात येतं. वादी शपथपत्र देतो, उलटतपासाला समोर कोणी नाही, हुकूमनामा, म्हणजे निकालाचा हुकूम, होतो. एका रेडिमेडवाल्याला हे कळलं ते मी ताबा वॉरंट घेऊन गेलो तेव्हा. दिवाळीच्या मालाच्या गाठी नुकत्याच उतरलेल्या. "मला न विचारता निकाल लागतोच कसा?" तो ओरडत होता. मीटरखाली डिंकाचा डाग अजून होता. एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा अर्ज तीस दिवसांत द्यावा लागतो. समन्स नीट बजावलंच नसेल तर हे तीस दिवस हुकूमनामा कळल्यापासून धरतात. याचं समन्स मीच बजावलेलं, तीस दिवस कधीच उलटलेले. निकालाआधी एखाद्या तारखेला येऊन गैरहजेरीचं योग्य कारण दिलं असतं तरी कोर्टाने ऐकून घेतलं असतं.

मालकही काही धुतल्या तांदळाचे नसतात. एकाने दाव्यात भाडेकरूचा पत्ता घातला किल्लारीचा, तोही १९९३ च्या भूकंपाआधीच्या गावठाणातला. गाव उठून नव्या जागी गेलेलं, तिथे मी समन्स कोणाला देणार, बाभळींना? मी तसाच अहवाल दिला. मालकाने पेपरात जाहीर नोटीस छापून एकतर्फी निकाल घेतला आणि पेढे वाटले. पुढे भाडेकरू उगवला, आपला खरा पत्ता मालकाला ठाऊक होता हे त्याने दाखवून दिलं, हुकूमनामा रद्द झाला आणि दावा पुन्हा पहिल्या पानावर. खोटा पत्ता देऊन मिळवलेला निकाल असा कधीही उलटतो, हे मालकांना त्यांचे वकील सांगत कसे नाहीत, मला कोडंच आहे.

हल्ली गल्लीतले लोक पाकिटं घेऊन माझ्याकडे येतात. शेजारचा मोबाईल दुरुस्तीवाला आला तेव्हा समन्स न वाचताच खिशात घडी करून ठेवलेलं. मालक भाडं घेईना, म्हणून यानेही देणं सोडलेलं. त्याला ई-कोर्टच्या ॲपवर त्याचा दावा काढून दाखवला, वकील गाठून दिला आणि पैसे व्याजासकट कोर्टात भरायला लावले. परवा मोठ्या कौतुकाने पावती दाखवायला आला, लॅमिनेट करून! आता वकिलाने कोर्टात लावायला मूळ पावती मागितली आहे आणि हा कात्री घेऊन बसलाय.