आधी आवाज सारखा करा, मग हेडफोन ऐका: माझा अनुभव

हेडफोन निवडायला मला तीन आठवडे लागले, त्यातले अडीच एका डेमोच्या टेबलाशी अडकले. यादी करणं, पैसे भरणं, खोकं घरी येणं, यात सांगण्यासारखं काही नाही. डेमोचा राग मात्र अजून उतरलेला नाही, म्हणून सुरुवात तिथूनच.

मुंबईच्या पश्चिम उपनगरातलं दुकान, नाव घेत नाही. भिंतीवर दहा-बारा हेडफोन टांगलेले, खाली एक ॲम्प (हेडफोनला आवाजाचा जोर देणारं यंत्र), एक टॅबलेट आणि त्यात दुकानाची ठरलेली सहा-सात गाणी. एक हेडफोन उतरवायचा, दुसरा चढवायचा, ॲम्पचं बटण होतं तिथेच. वर "सर, फरक जाणवला ना?" जाणवणारच! फरक हेडफोनचा की नुसत्या मोठ्या आवाजाचा, हे मात्र त्या टेबलाशी कुणालाच सांगता आलं नसतं.

हिशोब करून बघा. बेयरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो हा क्लोज्ड, म्हणजे मागून बंद कपाचा हेडफोन एकाच नावाने 32, 80 आणि 250 ओहम (विजेला होणारा रोध) अशा तीन प्रकारांत येतो. संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर किती मोठा वाजतो तो आकडा, 1 मिलिवॅटला 96 डेसिबल. ॲम्पमधून 1 व्होल्ट येतोय असं धरा. 32 ओहमवाल्याला साधारण 31 मिलिवॅट मिळतात, म्हणजे 111 डेसिबल. 250 ओहमवाल्याला 4 मिलिवॅट, म्हणजे 102. बटण तेच, गाणं तेच, हेडफोनही दिसायला जवळपास तोच, आणि फरक 9 डेसिबलचा. शेजारी टांगलेला हायफायमॅनचा एचई400एसई हा प्लॅनर (आत सपाट, पातळ पडदा असलेला) 32 ओहम आणि 91 डेसिबलचा, तो तेवढ्याच व्होल्टला 106 वर जातो. म्हणजे 32 ओहमचा बेयर त्याच्यापेक्षा 5 डेसिबल मोठा वाजणार आणि 250 ओहमचा 4 डेसिबल हळू. दुकानात 32 ओहमवाला टांगलेला असेल तर गिऱ्हाईक "क्लोज्ड जास्त जिवंत वाटतो" म्हणत जाणार, 250 वाला असेल तर "प्लॅनरची बातच और" म्हणत. दोघांनी तुलना केली ती बटणाची.

यातली खरी मेख अशी की एक-दीड डेसिबलचा फरक कानाला "मोठा" असा वाटतच नाही. तो "खुला", "भरलेला", "स्वच्छ" असा वाटतो. शिवाय आवाज वाढला की खालचे आणि अगदी वरचे स्वर कानाला प्रमाणापेक्षा जास्त ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये याचे आलेखच छापले होते. नव्वद वर्षं उलटली, तरी टेबलावरचं बटण कुणी हलवत नाही.

पहिल्या खेपेला दहा मिनिटं मिळाली, तीही डोक्यावर एसीचा ब्लोअर घोंगावत असताना. दुसरी शनिवारची संध्याकाळ, मागे चारजण रांगेत. शेवटी मंगळवारी सकाळी साडेअकराला गेलो, तेव्हा दुकान रिकामं होतं. (डेमोला जायचं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळीच जा, हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं.) तिथेही "मीटर लावायची परवानगी नाही" असं ऐकवलं गेलं. मीटर म्हणजे माझा फोन आणि एक पुठ्ठा. मॅनेजरची वाट बघण्यात पाऊण तास गेला. ते आले, पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला आणि "एवढंच ना?" म्हणाले. एवढंच होतं.

तो पुठ्ठा कसा करायचा ते नीट सांगतो, कारण सगळा खेळ त्यावर आहे. कडक पुठ्ठा घ्या, बुटाच्या खोक्याचं झाकण चालतं. इअरपॅडपेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठा कापा. मधोमध फोनच्या माइकच्या छिद्राएवढं भोक पाडा. फोनचा माइक मागून त्या भोकावर आणा, कडेने सेलोटेप लावा म्हणजे फटीतून हवा जाणार नाही. पुढच्या बाजूला हेडफोनचा एक कप सपाट ठेवा, हाताने हलकेच दाबा आणि भोक ड्रायव्हरच्या, म्हणजे कपातल्या आवाज काढणाऱ्या भागाच्या, मधोमध आहे ना ते बघा. ते अर्धा इंच सरकलं तरी आकडा बदलतो, म्हणून प्रत्येक हेडफोन तीनदा उचलून ठेवा आणि तीन आकड्यांची सरासरी घ्या. आयफोन असेल तर एनआयओएसएच या अमेरिकी सरकारी संस्थेचं साऊंड लेव्हल मीटर हे मोफत ॲप घ्या. अँड्रॉइडवर असं ॲप शोधा ज्यात माइकचं आपोआप कमीजास्त होणं बंद करता येतं, नाहीतर मोठा आवाज फोन स्वतःच दाबून टाकतो आणि सगळेच हेडफोन सारखे दिसू लागतात.

वाजवायचं काय? गाणं नाही, गुलाबी गोंगाट, म्हणजे पिंक नॉइज. त्यातही 500 ते 2000 हर्ट्झ एवढाच पट्टा कापून घेतलेली फाइल बरी. पूर्ण पट्टा वाजवला तर पुठ्ठ्यावर पॅड किती घट्ट बसला त्यावर खालचे स्वर कमीजास्त होतात आणि आकडा भरवशाचा राहत नाही. कापायचं काम ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पाच मिनिटांचं आहे. पहिल्या हेडफोनवर मीटर 75 च्या आसपास येईल इतकं बटण ठेवा आणि ती जागा लिहून ठेवा. मग दुसरा ठेवून तोच आकडा येईपर्यंत बटण फिरवा, तीही जागा लिहा. फोनचा मीटर खरे डेसिबल दाखवत नसला तरी बिघडत नाही, दोन्ही वेळा तो सारखाच चुकतो आणि आपल्याला फरकच हवा असतो. अर्ध्या डेसिबलपर्यंत जुळलं की पुरे. आकड्यांची पायरी असलेला ॲम्प असेल तर हे फार सोपं जातं. गोल बटणाच्या ॲम्पवर पेन्सिलने खूण करा, दुकानात करणार असाल तर विचारून. प्लॅनरजवळ फोन नेल्यावर होकायंत्र वेडंवाकडं फिरतं, आतले चुंबक जोरदार असतात. घाबरू नका, पण पाकिटातली चुंबकी पट्टीची कार्डं तेवढी लांब ठेवा.

इन-इअरला, म्हणजे कानात खोचायच्या हेडफोनला, हा पुठ्ठा चालत नाही. तिथे कानाने जुळवावं लागतं: तोच नॉइज, आलटून पालटून, कुणाचा मोठा ते ठरेनासं झालं की थांबा. अचूकपणा कमी मिळतो, हे धरूनच चाला.

आणखी दोन गोष्टी बघाच. टॅबलेटच्या सेटिंगमध्ये "साऊंड इफेक्ट" नावाचं काहीतरी चालू असतं. माझ्या डेमोत पहिल्या दोन्ही खेपांना ते चालू होतं आणि बासचा फुगा त्यातूनच येत होता. दुसरी गोष्ट ॲम्पची. जुन्या रिसीव्हरच्या किंवा काही ट्यूब ॲम्पच्या हेडफोन जॅकचा स्वतःचा रोधच शंभर ओहमच्या पुढे असू शकतो. डायनॅमिक (नेहमीच्या, तारेच्या कॉइलवर चालणाऱ्या) ड्रायव्हरचा ओहमचा आकडा सगळ्या स्वरांना एकसारखा नसतो, शंभर हर्ट्झच्या आसपास त्याला उंचवटा असतो. त्यामुळे अशा जॅकवर त्याचे खालचे स्वर फुगतात आणि लोक म्हणतात ट्यूबमुळे ऊब आली. प्लॅनरचा ओहमचा आकडा जवळपास सपाट असल्यामुळे त्याला हे होत नाही. अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (इवल्या धातूच्या पत्तीवर चालणारे) ड्रायव्हर असलेल्या इन-इअरला सर्वात जास्त होतं, त्यांचा स्वभावच बदलतो. जॅकचा रोध हेडफोनच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा, हा अंदाज कामाला येतो.

आवाज सारखा केल्यावर काय उरलं ते थोडक्यात. ऐकायला स्वतःचं नेलं होतं: जोडीच्या तानपुऱ्यावरचा विलंबित ख्याल, संवादिनीच्या साथीचं जुनं नाट्यसंगीत, ढोलकीवरची लावणी. दुकानातल्या चकचकीत डेमो गाण्यांवर सगळेच हेडफोन छान वाजतात.

ख्यालाला ओपन-बॅक (मागून उघड्या कपाचा) डायनॅमिक, त्याला माझ्या मते अजून तोड नाही. सेनहायझरचा 300 ओहमचा एचडी 600 हा 1997 पासूनचा, आणि त्याचे अगदी खालचे स्वर उतरते आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज 69 हर्ट्झच्या आसपास असतो आणि तो ओळखू येतो मुख्यतः जवारीतून उमटणाऱ्या वरच्या स्वरांमुळे. गळा आणि जवारी मधल्या पट्ट्यात राहतात, तिथे हा हेडफोन सरळ आहे. ताण पडतो तो डग्ग्यावर. घुमक ऐकू येते, पोटात लागत नाही. प्लॅनरवर ती लागते: खाली 30 हर्ट्झपर्यंत सपाट, आणि डग्ग्यावर तळहात सरकतो तेव्हाचा स्वराचा चढ न तुटता ऐकू येतो. लावणीला मी डोळे मिटून प्लॅनर घेईन. मोबदला वजनात द्यावा लागतो. एचई400एसई 390 ग्रॅम, एचडी 600 साधारण 260. तासाभराने मान सांगते.

क्लोज्डमध्ये आवाज कपाच्या मागच्या भिंतीवर आपटून परत येतो. काहींत तो नीट जिरवलेला असतो, काहींत डब्यात गायल्यासारखं वाटतं. स्त्रीचा गळा मध्यसप्तकात लावून बघा, लगेच कळतं. चष्मा असेल तर क्लोज्ड आणि प्लॅनर चष्म्यासकटच ऐका. काडीमुळे पॅडखाली फट पडते आणि तिथूनच बास निघून जातो. ओपन डायनॅमिकला ही फट तितकी नडत नाही. 8-9 किलोहर्ट्झला आवाज एकदम चढणारे हेडफोन, डीटी 990 सारखे, जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या नाट्यसंगीताला लावू नका. खरखर गायकाच्या पुढे येऊन बसते. जुनं ध्वनिमुद्रण मोनो असतं आणि हेडफोनवर ते बरोबर डोक्याच्या मधोमध ऐकू येतं. तो बिघाड नाही.

इलेक्ट्रोस्टॅटिकचा, म्हणजे विजेच्या दाबाने पडदा हलवणाऱ्या हेडफोनचा, अनुभव वेगळाच, जवारीचा एकेक कण सुटा. पण त्याला वेगळा एनर्जायझर (खास ॲम्प) लागतो. स्टॅक्स कंपनीच्या प्रो बायस हेडफोनच्या पडद्यावरचा दाब 580 व्होल्ट, आणि पडद्यावर दमट हवा किंवा धूळ बसली तर एक कान हळू होतो. मुंबईत मी तो दुसऱ्याच्या घरी ऐकेन.

आता घर. ओपन-बॅक म्हणजे बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. पाचवर पंखा असेल तर तानपुरा पंख्यात बुडतो, मग तुम्ही आवाज वाढवता, आणि दुकानात जुळवलेलं सगळं वाया जातं. पंखा दोनवर आणा किंवा एसी सगळ्यात हळू ब्लोअरवर ठेवा. वनबीएचकेत शेजारी कुणी झोपलेलं असेल तर रात्री ओपन-बॅकवरची लावणी त्यांनाही ऐकू जाते. लोकलमध्ये ओपन-बॅकचा काही उपयोग नाही, तिथे इन-इअर. तेही नुसते महागडे असून चालत नाहीत, टिप कानात बसली पाहिजे. खोक्यात तीन मापं येतात, डाव्या-उजव्या कानाला वेगळं माप लागू शकतं. फोमच्या टिपने गाडीचा खडखडाट जास्त अडतो, पण घामाने ती लवकर चिकट होते. इन-इअर उघडून कानात घातले की बरेच विक्रेते परत घेत नाहीत, पैसे देण्याआधी विचारा.

कितीही आवडला तरी किती मोठ्याने ऐकायचं याचा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा लक्षात ठेवा: 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा.

पावसाळ्यात कृत्रिम चामड्याचे पॅड सोलवटतात, काळे तुकडे कानाला चिकटतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांचा वरचा थर विरतो. मखमली पॅड घाम पितात, पण काढून साध्या साबणाच्या पाण्यात धुता येतात, सावलीत वाळवायचे. घेण्याआधीच सुटे पॅड मिळतात का ते बघा. वापरून झाल्यावर हेडफोन सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह डब्यात ठेवा आणि पुड्या बदलत राहा.

एक राहिलंच. जाड 6.3 मिमी प्लगवर कडक छोटा ॲडॉप्टर चढवून तो फोनच्या डाँगलमध्ये (चार्जिंगच्या जागी लावायच्या छोट्या हेडफोन जॅकमध्ये) खोचू नका. वजनाने जॅक वाकतो आणि एक कान येतो-जातो करायला लागतो. मधे वीतभर लवचिक वायर असलेला ॲडॉप्टर घ्या, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलात तर हा असलाच तर तिथे असेल. माझ्या डेमोतला एक कान हळू वाजत होता तो याच कडक ॲडॉप्टरमुळे, आणि मी दोन खेपा तो हेडफोनचा दोष समजत होतो.