अर्धं जातं

जानेवारीत नाशकात दुपारचे बारा वाजले तरी घरातल्या फरशीवर पाय ठेववत नाही. म्हणून गच्चीवर सतरंजी टाकून कुशीवर पडलो होतो. शेजारी भाची माशांचं पुस्तक उघडून बसलेली. एकदम म्हणाली, "मामा, हा बघ तू!"

चित्रात एक अवाढव्य, राखाडी, चपटा मासा समुद्राच्या पाण्यावर आडवा पसरला होता. सनफिश. खोल, गार पाण्यात जेलीफिश खायला बुड्या मारायच्या आणि गारठलं की वर येऊन असं एका कुशीवर ऊन खात पडायचं. मला तो लगेच घरातलाच वाटला. इंग्रजांनी त्याला सूर्य दिला; जर्मन, फ्रेंच आणि स्पॅनिश लोक त्यालाच चंद्रमासा म्हणतात. ज्याला जे आभाळात दिसलं ते.

शास्त्रीय नाव मात्र जमिनीवरचं. स्वीडनच्या निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसनं १७५८ साली त्याला 'मोला' म्हटलं. लॅटिनमध्ये मोला म्हणजे जात्याचा दगड. इंग्रजीत दाढेला मोलर म्हणतात तेही या दगडावरूनच.

जातं म्हटलं की माझं पुढचं वाचन संपतं. जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात, ओसरीच्या कोपऱ्यात आजी नागली दळायची आणि वैरण घालायचं काम माझ्याकडे. मूठ मोठी पडली की भरड निघायची. आजी रागवायची नाही, नुसती खुंट्यावर बोटं वाजवायची. रिकामं जातं फिरवलं तर मात्र पाठीत धपाटा. कधीतरी टाकीवाली यायची, टकटक करत गुळगुळीत झालेला दगड पुन्हा खरखरीत करून जायची. त्यानंतरचं पहिलं पीठ कचकचतं म्हणून गाईला. मला ती कचकच चोरून खायला आवडायची. गिरणीच्या पिठाची भाकरी मला अजून जरा जास्तच सभ्य वाटते.

"मामा, याला शेपूट कुठंय?"

खरंच नव्हतं. मागचा भाग कुणी सुरीनं उतरवून नेल्यासारखा. जर्मनीत त्याला 'पोहणारं डोकं' असंही म्हणतात म्हणे. आणि डोकं तरी केवढं! २०२१ साली अझोर्स बेटांजवळ याच्याच कुळातला एक मेलेला सापडला, तो भरला २,७४४ किलो.

"अर्धाच आहे हा," भाचीनं निकाल दिला.

गच्चीच्या कोपऱ्यात आमच्या जात्याचा वरचा दगड आहे. त्यावर तुळशीची कुंडी. वाडा विकला तेव्हा खालचा दगड काकांकडे गेला. तांब्या-पितळेची वाटणी समजू शकतो, पण जातं मधोमध कुणी वाटलं, ते आता आठवत नाही. काका गंगेपलीकडे, पंचवटीत राहतात. पूल मी आठवड्यातून दोनदा ओलांडतो. त्यांच्या दारात नऊ वर्षांत गेलेलो नाही.

ऊन सरकलं होतं. भाचीला उठवून सतरंजी पुढे ओढली.