सफरचंदाचा ब्रेड : तळाच्या ओल्या पट्ट्याचा उलगडा

तळाचा ओला पट्टा अखेर गेला. मागच्या नोंदीत ज्याचे वर्णन केले होते, तो लोफच्या तळाशी बसणारा करडा, सुरीला चिकटणारा थर या वेळच्या ब्रेडमध्ये कुठेही दिसला नाही. काप तळापासून माथ्यापर्यंत एकसारखा जाळीदार निघाला आणि सफरचंदाच्या फोडी त्यात जागच्या जागी राहिल्या. मुळाशी पोचायला वेळ लागला, कारण संशय घ्यावा अशा गोष्टी बऱ्याच होत्या आणि प्रत्येक गोष्ट वेगळी काढून तपासल्याखेरीज तिच्यावर ठपका ठेवणे योग्य नव्हते.

पहिला संशय ओटीजीवर, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनवर होता. आमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज उतरतो, आणि कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले, तर उष्णता जेमतेम पाऊणपट उरते. डायल १८० अंशांवर असला तरी आत काय चालले आहे हे त्यावरून कळत नाही, म्हणून जाळीवर ओव्हन थर्मामीटर ठेवून पाहिले, तर आत १६५ अंश होते. ज्यांच्याकडे हा थर्मामीटर नाही, त्यांनी नवे टिन किंवा नवा मोल्ड घेण्याआधी तो घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यानंतर दुपारी, व्होल्टेज पुरा असताना, आतले तापमान खरोखर १८० अंशांवर स्थिरावल्यावरच टिन आत ठेवले. वरचे कवच सुंदर झाले, रंगही खुलला, पण ओला पट्टा तसाच राहिला.

खरा धागा केळ्याच्या ब्रेडने दिला. त्याच टिनमध्ये, त्याच ओटीजीत, तेवढ्याच मैद्याचा रावेरच्या केळ्यांचा ब्रेड केला, तेव्हा तो तळापर्यंत स्वच्छ निघाला. खानदेशात घरगुती बेकिंगची सुरुवात केळ्यापासून होणे स्वाभाविकच आहे. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची केळी हाताशी असताना दुसऱ्या फळाकडे लक्ष जाणार कशाला? पण केळ्यावर बसलेला हात सफरचंदाला चालत नाही. पिकलेले केळे कुस्करले, की त्यातले पाणी पहिल्या क्षणापासून बॅटरचा भाग होते, आणि बॅटर सैल आहे की घट्ट, ते ढवळतानाच कळते. सफरचंदाची फोड मात्र आपले पाणी पेशींमध्ये कोंडून टिनमध्ये उतरते आणि भाजताना पेशी मोडल्यावरच ते सोडते. त्यातच बॅटर तापताना आधी पातळ होते, तेव्हा फोडी खाली सरकतात. त्यामुळे सगळा रस सुटतो तो नेमका तळाशी.

हिशेब मांडल्यावर चित्र आणखी स्पष्ट झाले. सफरचंदाच्या वजनात सुमारे ८५ टक्के पाणी असते. माझ्या २४० ग्रॅम मैद्याच्या मापात ३०० ग्रॅम फोडी पडतात, म्हणजे अडीचशे ग्रॅमांच्या आसपास पाणी कृतीत न लिहिताच आत जाते. कृतीत लिहिलेले १२० ग्रॅम दही आणि ६० मिलिलिटर दूध एकत्र केले तरी ते त्याहून कमी भरते. अंडे घातलेला ब्रेड हे बऱ्याच अंशी पेलतो, कारण अंड्यातली प्रथिने तापल्यावर घट्ट होऊन सांगाडा धरतात. माझ्यासारख्या बिनअंड्याच्या ब्रेडचा बहुतेक भार मैद्यातल्या पिष्टावर (स्टार्चवर) असतो. गव्हाचे पिष्ट नुसत्या पाण्यात ६० अंशांच्या आसपास फुगू लागते, पण साखर जितकी अधिक, तितके हे तापमान वर सरकते. तळाशी सुटलेला गोड रस आणि पिष्ट एकत्र आले, की तिथे जाळी धरण्याऐवजी खळीसारखा लगदा होतो, आणि तोच आपला करडा थर.

टूथपिकवर या ब्रेडपुरता तरी विश्वास ठेवू नये. ती मधल्या फोडीतून गेली तर भाजलेला ब्रेडही ओला वाटतो, आणि फोडी चुकवून गेली तर कच्चा ब्रेडही कोरडा वाटतो. टोकदार प्रोब थर्मामीटर मध्यभागी खोचून ९६ अंशांची खात्री करणे हाच भरवशाचा मार्ग आहे. ओल्या पट्ट्याच्या लोफमध्येही मध्यभागी ९६ अंश दिसले, तेव्हाच भाजण्याची वेळ वाढवून काही साधणार नाही हे पक्के झाले.

मग सफरचंदाच्या जातीकडे वळावे लागले. आपल्याकडे भाद्रपद-आश्विनात हातगाड्यांवर जो लाल ढीग दिसतो, तो बहुतांशी हिमाचलच्या रॉयल डेलिशियसचा असतो. खायला ते गोड आणि छान, पण त्यात आंबटपणा कमी, आणि भाजल्यावर गर रवाळ होऊन विरघळतो. जळगावच्या फळबाजारात काश्मीरचे महाराजी दिसले, तेव्हा विक्रेत्याने स्वतःहून बजावले, "ताई, हे आंबट लागेल, खायला नका नेऊ." नेमके तेच हवे होते. महाराजीची फोड भाजल्यावरही दाताखाली लागते, आणि तिचा आंबटपणा गुळमट ब्रेडला धार आणतो. घरी आणल्यावर मात्र ही फळे केळ्यांच्या घडापासून लांब ठेवावीत. पिकणाऱ्या केळ्यांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूमुळे सफरचंद लवकर रवाळ होते, आणि आपल्या घरांमध्ये हे दोन्ही एकाच टोपलीत असतात.

जात बदलल्याने पट्टा निम्म्यावर आला. तो पूर्ण गेला, तो रस आधीच काढून घेतल्यामुळे. सोललेल्या सफरचंदाच्या एक सेंटिमीटरच्या फोडी केल्या, कृतीतल्या १५० ग्रॅम साखरेपैकी ६० ग्रॅम, चिमूटभर मीठ आणि चमचाभर लिंबाचा रस त्यांना चोळला, आणि सगळे पातेल्यावर बसवलेल्या चाळणीत ठेवले. काही मिनिटांतच साखरेचे दाणे दिसेनासे झाले, फोडींच्या कडा चकाकू लागल्या आणि चाळणीखाली थेंबांचा आवाज सुरू झाला. तासाभरात ५० मिलिलिटरच्या आसपास रस जमला, आणि फोडी इतक्या लवचीक झाल्या की वाकवल्यावर मोडत नव्हत्या. हा रस टाकायचा नाही, कारण सगळा सुवास त्यातच उतरलेला असतो. स्टीलच्या लहान पातेल्यात मंद आचेवर तो दोन मोठे चमचे उरेपर्यंत आटवला, तेव्हा तो तांबूस आणि मधासारखा दाट झाला. निवल्यावर तो दह्यात मिसळला. आंबट रस लोखंडी कढईत आटवू नये, त्याला धातूची चव लागते. फोडी सुती कापडावर टिपून, मापातलाच एक चमचा मैदा त्यांना लावला, आणि दूध ६० वरून ४० मिलिलिटरवर आणले. बॅटर उलथन्यावरून धार न धरता गोळ्याने पडले, आणि त्या क्षणीच फोडी खाली बसणार नाहीत अशी आशा वाटली.

हा लोफ मुद्दाम भुलाबाईच्या खाऊसाठी केला होता, आणि बिनअंड्याचा हट्टही त्यासाठीच होता. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या गल्लीत मुली रोज गाणी म्हणतात आणि झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखतात. जायफळाच्या वासाने सगळ्यांचे अंदाज पुरणपोळीकडे गेले, सफरचंद कुणाच्याही मनात आले नाही, आणि झाकण उघडल्यावर शेवटचा कापही उरला नाही. इतक्या दिवसांच्या खटपटीनंतर याहून मोठे समाधान दुसरे नव्हते.

साहित्याबद्दल दोन गोष्टी. बेकिंग पावडरचा डबा उघडल्याची तारीख त्यावर लिहून ठेवावी, आणि शंका आल्यास अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकून पाहावी. जोरात फसफसली नाही, तर ती या जड बॅटरला उचलू शकणार नाही. दालचिनीची तयार पूड मी बंद केली आहे. आपल्या बाजारात मिळणारी जाड सालीची दालचिनी खरे तर कॅशिया असते आणि ती तिखट असली तरी या ब्रेडला शोभते, मात्र ती घरी ताजी कुटलेली हवी.

पुढचा बेत असा होता की फोडींना मैद्याऐवजी भाजलेले दादरचे पीठ लावायचे. तापीकाठच्या काळ्या जमिनीतली ही रब्बी ज्वारी घरात असतेच, आणि तिच्या पिठाची खमंग चव सफरचंदाला साजेल. पण हे लिहिता लिहिताच लक्षात येते, की ज्वारीचे पिष्ट गव्हाच्या पिष्टापेक्षा अधिक तापमानाला फुगते. म्हणजे फोडीतून रस सुटू लागेल तेव्हा ते त्याला धरून ठेवणार नाही. म्हणून दादर फोडींना न लावता, गूळ आणि तूप चोळून तिचा रवाळ थर लोफच्या माथ्यावर द्यावा, हे अधिक योग्य वाटते.

फोडींसाठी दुसराच उपाय करून पाहणार आहे. सफरचंदाचा गर ६० ते ६५ अंशांवर काही वेळ धरला, की त्यातले एक विकर (एन्झाइम) पेशींच्या भिंतींतल्या पेक्टिनमध्ये असा बदल घडवते की ते कॅल्शियमशी जोडले जाते, आणि नंतर कितीही भाजले तरी फोड सहसा मोडत नाही. ८० अंशांच्या पुढे हे विकरच निकामी होते, म्हणून तापमानावर प्रोबने लक्ष ठेवावे लागेल. हे साधले तर रॉयल डेलिशियससुद्धा या ब्रेडला चालेल, आणि महाराजी मिळत नाही अशा शिरपूर-शहाद्याच्या मंडळींचीही सोय होईल. त्यासाठी एकाच ढिगातल्या रॉयल फळांचे दोन छोटे लोफ करीन: एकातल्या फोडी झाकणाच्या डब्यात घालून, तो डबा ६५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवून मग साखरेत मुरवलेल्या, आणि दुसऱ्यातल्या थेट मुरवलेल्या. दोन्हींचे बॅटर एकाच पातेल्यातले असेल, दोन्ही दुपारीच भाजले जातील, आणि रात्रभर निवू दिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कापले जातील.