झिजलेले इंजिन बदलताना विमा कसा टिकवावा

गाडीचे इंजिन तेल पिऊ लागले, चढावर दम टाकू लागले आणि मागून निळसर धूर सोडू लागले की प्रश्न एकच उरतो: आहे त्याच इंजिनाचे काम करून घ्यावे की इंजिनच बदलावे? माझ्या गाडीच्या बाबतीत हा निर्णय घेताना विम्याचा विचार मी पहिल्या पायरीवरच केला आणि तो तिथेच करावा असे माझे ठाम मत आहे. आपण कोणता पर्याय निवडतो यावर गाडीची कागदोपत्री ओळख कायम राहते की बदलते हे ठरते. ती बदलूनही कंपनीला कळवली नसेल, तर अपघातानंतर हातात पॉलिसी असूनही भरपाई अडू शकते.

त्याआधी इंजिन खरोखरच संपले आहे का, याची खात्री करून घ्यायला हवी. निळा धूर एवढेच सांगतो की तेल जळते आहे. व्हॉल्व्हची सील कडक झाली असतील, तर रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना धुराचा लोट येतो आणि मग विरतो. टर्बोचे सील गेले असेल किंवा क्रँककेसमधला वायू बाहेर नेणारा व्हॉल्व्ह तुंबला असेल, तरीही तेल जळते. यांपैकी कशासाठीही इंजिन बदलावे लागत नाही. म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घेतल्याशिवाय कोणाचाही सल्ला मानू नये. सुस्थितीतल्या पेट्रोल इंजिनात हा दाब साधारण १० ते १३ बार असतो, डिझेलमध्ये त्याच्या दुपटीहून अधिक. मात्र नुसत्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधली तफावत जास्त बोलकी असते. ज्या सिलिंडरचा दाब कमी भरला, त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. काटा वर गेला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजले आहे, जागचा हलला नाही तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. माझ्या समोर तो काटा सरळ वर चढला, आणि इंजिन तापल्यावर ऑइलचा दाबही उतरत होता, म्हणजे क्रँकची (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याची) बेअरिंगेही गेली होती.

आता कागदाचा मुद्दा. इंजिन क्रमांक सामान्यतः ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य भागावर, ठोकलेला असतो; त्यावर बसणाऱ्या हेडवर नव्हे. त्यामुळे बोअर वाढवून ओव्हरसाइझ पिस्टन घातले, लायनर बसवले, क्रँक घासून नवी बेअरिंगे टाकली किंवा अख्खे हेड बदलले, तरी क्रमांक तोच राहतो आणि नोंदणीत काही बदलावे लागत नाही. गॅरेजचे बिल जपून ठेवले की पुरे. पण हाफ इंजिन, म्हणजे हेडविना नुसता खालचा भाग, आणले तरी त्यात ब्लॉक येतो आणि ब्लॉकबरोबर क्रमांक जातो. ‘हाफच तर बदलले आहे’ म्हणून नोंद टाळणारे अनेक जण इथेच अडकतात. चासी क्रमांक मात्र दोन्ही पर्यायांत कायम असतो, कारण तो गाडीच्या सांगाड्याचा आहे.

हा क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा. बहुतेक इंजिनांत तो गिअरबॉक्सच्या जोडाजवळ एका सपाट घासलेल्या पट्टीवर असतो आणि त्यावर तेलमातीचा थर बसलेला असतो. तारेचा कडक ब्रश न वापरता डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने तो पुसावा, तिरपा प्रकाश टाकून फोटो काढावा आणि वर पातळ कागद धरून पेन्सिलीने ठसा घ्यावा. झिजलेला ८ हा ३ सारखा दिसतो, आणि असा एक अंक चुकीचा चढला की नंतर तपासणीला आलेल्या विमा कंपनीच्या सर्व्हेअरला ती गाडीच वेगळी वाटते.

विमा कंपनी या एका क्रमांकाला एवढे महत्त्व का देते, हे समजले की पुढचे सगळे सोपे होते. विम्याचा करार परस्परांच्या पूर्ण सचोटीवर उभा असतो. १७६६ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी सुमात्रामधल्या एका किल्ल्याच्या विम्याच्या दाव्यात हे तत्त्व मांडले, आणि मला त्या निकालातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की तिथे जिंकला तो विमा उतरवणारा. जे विमा देणाऱ्याला आधीच ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते, ते लपवले असा आरोप त्याला करता येत नाही. म्हणूनच लेखी कळवणे आणि त्याची पोच घेणे हे आपलेच संरक्षण आहे. फोनवर प्रतिनिधीने ‘काही हरकत नाही’ म्हटले, तर त्याला वादाच्या वेळी फारशी किंमत राहत नाही.

नियम देशागणिक वेगळे असले तरी मी सुचवेन तो क्रम असा: जुने इंजिन उतरवण्यापूर्वी विमा कंपनीला आणि गाडीवर कर्ज असेल तर वित्तसंस्थेला लेखी कळवावे, नोंदणी कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते का ते विचारावे, इंजिन बसल्यावर नोंदणीत नवा क्रमांक चढवावा, आणि त्याच्या आधारे पॉलिसीवर एन्डॉर्समेंट, म्हणजे बदलाची अधिकृत नोंद, घ्यावे. ते कोणत्या तारखेपासून लागू आहे हे नीट वाचावे आणि मधल्या काळात गाडी रस्त्यावर आणायची असेल, अगदी चाचणीपुरती, तरी संरक्षण आहे का याचे उत्तर लेखी मागावे. गाडी गॅरेजमध्ये उभी आहे म्हणून पॉलिसीची मुदत संपू देऊ नये; आग आणि चोरी गॅरेजमध्येही होते.

बदली इंजिन त्याच प्रकारचे, त्याच क्षमतेचे आणि त्याच इंधनाचे असेल तर विषय बहुधा एवढ्यावर संपतो. क्षमता किंवा शक्ती वाढली तर तो फेरबदल ठरतो, हप्ता बदलू शकतो आणि ब्रेक व प्रदूषणाच्या निकषांचाही प्रश्न येतो. वापरलेले इंजिन घेताना बिलावर त्याचा क्रमांक आणि ते ज्या गाडीतून काढले तिचा चासी क्रमांक लिहून घ्यावा. क्रमांक खरवडलेले इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी हात लावू नये. काही नवे ब्लॉक क्रमांकाविना येतात. त्यावर आपल्या मनाने जुना क्रमांक ठोकून घेणे म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय ओढवून घेणे आहे. मूळ इसीयू (इंजिन चालवणारा संगणक) शक्य तोवर आपल्याच गाडीचा ठेवावा, म्हणजे इमोबिलायझर (परक्या किल्लीने इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) किल्ली ओळखतो आणि पॉलिसीत नोंदवलेली चोरीविरोधी यंत्रणा खरोखर चालू राहते.

दोन अपेक्षा मात्र सोडून द्याव्यात. नेहमीची पॉलिसी झीज भरून देत नाही, त्यामुळे इंजिनाचा खर्च आपलाच. आणि नवे इंजिन बसले म्हणून गाडीची विमा रक्कम आपोआप वाढत नाही, ती वाढवता येते का हे विचारावे लागते.

बसवणीबद्दल एकच आग्रह धरेन. बेअरिंग फुटलेल्या इंजिनाचे धातूचे कण ऑइल कूलरमध्ये अडकून राहतात आणि नव्या बेअरिंगांत शिरतात, तेव्हा तो कूलर बदलूनच घ्यावा. अशा बिघाडालाही विमा सहसा लागू होत नाही.

पॉलिसीचे नूतनीकरण होईल तेव्हा नव्या कागदावरचा इंजिन क्रमांक पुन्हा पेन्सिलीच्या ठशाशी ताडून पाहावा, कारण नूतनीकरणात जुनी माहिती तशीच पुढे उतरू शकते. चूक दिसली तर त्याच दिवशी लेखी दुरुस्ती मागावी आणि दुरुस्त प्रत गाडीतल्या जुन्या प्रतीच्या जागी ठेवावी.