दाढेचे हाड आणि जांभळ्या झाकणाची नळी

खालच्या दाढेच्या मुळाशी हाड झिजून खळगा पडल्याचे एक्स-रेवर दिसले, तेव्हा तालुक्याच्या दंतवैद्यांनी दाढ काढण्याऐवजी हिरडी उघडून खळगा साफ करण्याचा आणि त्यात माझ्याच रक्तापासून केलेले पीआरएफ व हायड्रॉक्सीअपेटाइटचे (हाडातल्या खनिजासारख्या पदार्थाचे) दाणे भरण्याचा पर्याय सुचवला. पीआरएफ म्हणजे प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशी) अडकलेली फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या धाग्यांच्या जाळ्याची, गुठळी. फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी 2001 मध्ये मांडलेल्या या पद्धतीत गुठळीतून वाढीचे घटक, म्हणजे जखम भरायला मदत करणारी प्रथिने, काही दिवस हळूहळू पाझरत राहतात. अमेरिकेत 2007 पासून जबड्याच्या हाडासाठी मान्यता असलेले बीएमपी-2 हे हाड वाढवणारे प्रथिनही आहे. पण त्याची किंमत कापूस पिकवणाऱ्याने विचारूही नये अशी.

साखरेची तपासणी, दातांची सफाई हे सारे विनासायास पार पडले. अडले ते रक्त फिरवण्यापाशी. दवाखान्यात सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळी वेगाने फिरवून रक्ताचे थर वेगळे करणारे यंत्र, नसल्याने शेजारच्या लॅबशी बोलणी झाली होती. तिथल्या मुलाने रोजच्या सवयीने जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतले. त्या नळीत रक्त गोठू न देणारे ईडीटीए असते. पेशी मोजायला ते उत्तम, पण इथे तर गुठळीच हवी होती. दंतवैद्यांनी फिरवलेली नळी तिरपी केली, तर वरचे पिवळे पाणी सरळ ओघळले. "फिरवून तं देल्लं न साहेब, आता काय पाह्यजे?" असे वर ऐकावे लागले, आणि इकडे माझा अर्धा जबडा भुलीने बधिर झालेला. पुन्हा सुई टोचली, या वेळी साध्या नळीसाठी. पण यंत्रात दुसऱ्यांचे नमुने फिरत होते, म्हणून माझी नळी स्टँडवर उभी राहिली आणि रक्त तिथेच गोठून गेले. साधे रक्त काही मिनिटांत गोठते, हे लॅब चालवणाऱ्याला रुग्णाने सांगावे काय?

म्हणून भूल घेण्याआधीच यंत्र रिकामे आहे का, नळी कोणती आहे, आणि वीज जाण्याची वेळ कोणती, हे विचारून घ्यावे. शेवटी दंतवैद्य स्वतः लॅबमध्ये उभे राहिले. पुन्हा रक्त घेतले, नळी तत्काळ यंत्रात गेली आणि मिनिटाला 2700 फेऱ्यांच्या वेगाने 12 मिनिटे फिरली. वर पिवळा द्रव, तळाशी तांबडे रक्त आणि मधे पिवळसर जेलीसारखी गुठळी निघाली. चिमट्याने ती उचलून त्यांनी तांबड्या टोकाचा थोडा भाग मुद्दाम राखला, कारण प्लेटलेट त्या सीमेपाशीच दाटतात. मग बारीक कापून ती दाण्यांत कालवली. पुढचे काम झटपट झाले.

खर्रा मात्र आधीपासूनच बंद ठेवावा लागतो. तंबाखूने जखम भरत नाही, असे त्यांनी बजावले होते. आणखी एक, दाणे भरल्यानंतरच्या पहिल्या एक्स-रेत खळगा पांढरा दिसला म्हणून घरचे खूश झाले, पण ते भरलेले दाणेच दिसतात. खरे हाड किती आले ते सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत पाहायचे आहे, आणि माझी तारीख दिवाळीनंतरची आहे.