हँडल पाऊण इंच वर

मुंबईचं ट्रॅफिक सिग्नलवर चालतं हा बाहेरगावच्यांचा समज. ते चालतं मानेवर. रिक्षावाल्याने हनुवटी किंचित उडवली की ‘जा, तू जा’. टेंपोवाल्याने मान डावीकडे झटकली की ‘मी घुसतोय, तुझं तू बघ’. बेस्टच्या ड्रायव्हरने मान हलवलीच नाही तर समजायचं, आपण थांबायचं आहे. गेल्या पावसाळ्यात माझी मान धरली आणि या सगळ्या संभाषणातून मी एकदम बाद झालो. अमरमहालच्या सिग्नलला शेजारच्या बाइकवरच्या मुलाने विचारलं, “काका, बीकेसी इकडूनच ना?” मी कमरेपासून सगळाच्या सगळा त्याच्याकडे वळलो. विसर्जनाला निघताना पाटासकट फिरवलेल्या गणपतीसारखा, एकसंध. पोरगा दचकून पुढे निघून गेला. बहुतेक चुकला असेल.

मुलुंडचं घर ते बीकेसीतलं ऑफिस, बाइकवरून जाऊन-येऊन रोजचे चाळीस-एक किलोमीटर, तेही अकरा वर्षं. आधी डाव्या अंगठ्याला मुंग्या यायच्या, त्याचं खापर मी क्लचवर फोडलं. मग एका सकाळी दात घासताना चूळ भरायला वाकलो, तो वर येईना. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, “पाचव्या-सहाव्या मणक्यातली गादी दबलीय.” क्षणभर मला वाटलं, ते गाडीच्या सीटबद्दल बोलतायत. तीही दबलीच आहे.

“बाइक बंद करा, लोकलने जा,” असा सल्ला मिळाला. डॉक्टर स्वतः गाडीने येतात. सव्वाआठच्या फास्टला आपली मान आपण सांभाळायची नसते हे खरं, ती इतरांच्या खांद्यांवर आणि काखेत आपोआप तोलली जाते. पण ती कुठल्या कोनात तोलली जाईल, हे आपल्या हातात नसतं. दोन आठवडे केलं. मग फिजिओथेरपीच्या बाईंनी एक शहाणा प्रश्न विचारला, “गाडीवर तुम्ही बसता कसे?” अकरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून भांडुपच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथला पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने मला गाडीवर बसवलं, मधल्या स्टँडवर, आणि लांब उभा राहून शिंप्याने गिऱ्हाईक बघावं तसं बघत राहिला. “काका, तुम्ही गाडी चालवत नाय. तुम्ही गाडीला मिठी मारून बसलाय.”

खरं होतं. हँडल खाली आणि लांब, त्यामुळे पाठ पुढे झुकलेली. पाठ झुकली की नजर जमिनीकडे जाते. रस्ता बघायचा तर हनुवटी वर उचलावी लागते. म्हणजे धड खाली बघतंय, डोकं वर, आणि या दोघांच्या भांडणात मधली मान मागच्या बाजूने चिमटली जातेय. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. कळशी कमरेवर घेतली तर बाई दोन मजले चढून जाते, तीच हात लांब करून धरायला सांगा, पहिल्या पायरीवर ठेवून देईल. माझी मान रोज दीड-दोन तास कळशी लांब धरून उभी होती.

आणि कळशीवर झाकण होतं हेल्मेटचं. त्याचं वजन किती, याचा मी कधी विचारच केला नव्हता. घरी येताना भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवलं. एक किलो सहाशे चाळीस. भाजीवाला म्हणाला, “साहेब, एवढ्यात दोन फ्लॉवर येतील.” त्यातले काही ग्रॅम मुलाने हौसेने चिकटवलेल्या ब्लूटूथचे होते. अर्ध्या तोंडाचं हलकं हेल्मेट घ्यावं असा मोह झाला, पण जबडाही मला मानेइतकाच लागतो. शेवटी आयएसआयचंच, पूर्ण तोंडाचं, पण साडेतीनशे ग्रॅमने हलकं आणि गालाशी घट्ट बसणारं घेतलं. सैल हेल्मेट खड्ड्यात आपल्यानंतर अर्ध्या क्षणाने आदळतं, म्हणजे एका खड्ड्याचे दोन होतात. मुंबईत हे परवडत नाही.

हँडलचं काम मात्र बघण्यासारखं होतं. मला वाटलं होतं काहीतरी आयात केलेलं महागडं लागणार. पोराने आधी नुसते हँडल पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे चार बोल्ट ढिले केले आणि हँडल माझ्याकडे फिरवलं, बोटभर. “बसा.” बसलो. खांदे कानांपासून खाली आले. त्यानंतर ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे क्लॅम्पखाली घातले, वीस मिलिमीटरचे. पाऊण इंच. बोल्ट लांब घेतले. मी निघायला लागलो तर म्हणाला, “थांबा, खरी परीक्षा पुढे आहे.” इंजिन चालू करून त्याने हँडल पूर्ण डावीकडे फिरवलं, मग पूर्ण उजवीकडे. उजवीकडे वळवताच इंजिन आपोआप गुरगुरायला लागलं. हँडल वर गेल्याने ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात होती. यू-टर्न घेताना हे झालं असतं, तर मानेचा प्रश्न कायमचा सुटला असता. त्याने केबलची वाट बदलली, ब्रेकचा पाइप कुठे ओढला जात नाही ना ते बोटाने चाचपलं, पुन्हा दोन्हीकडे वळवलं. इंजिन गप्प. त्या पाऊण इंचापेक्षा या पाच मिनिटांचे पैसे त्याने जास्त घ्यायला हवे होते.

एवढं करूनही ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या प्रत्येक उड्डाणपुलावर ‘खट्’ बसतच होता. पुलाचे सांधे आणि माझे सांधे यांची काहीतरी जुनी ओळख असावी. पुन्हा गॅरेज. या वेळी पोरगा मागच्या चाकाच्या स्प्रिंगपाशी जाऊन उकिडवा बसला. “काका, शॉकअप चौथ्या खाचेवर कुणी ठेवला?” आठवायला वेळ लागला. सहा वर्षांपूर्वी सासूबाई महिनाभर राहायला होत्या, त्यांना रोज संध्याकाळी नामसंकीर्तनाला सोडायचो, तेव्हा मागचा भाग खाली बसतो म्हणून कडक करून घेतला होता. सासूबाई गावी परतल्या, स्प्रिंग तशीच राहिली. सहा वर्षं मी रोज त्यांना मागे बसवूनच ऑफिसला जात होतो म्हणायचं. पोराने ती दोन खाचा खाली आणली.

हवेचंही तेच. पुस्तिकेत मागच्या चाकाला एकट्यासाठी २८ आणि दोघांसाठी ३२ लिहिलंय. पंपावरचा माणूस स्कूटर, बाइक, जमलं तर हातगाडी, सगळ्यांना पस्तीस भरतो. ‘अठ्ठावीस’ म्हटलं की अशा नजरेने बघतो, जणू आपण चहात साखर नको म्हणालो. तरी म्हणायचं. आता मी म्हणतो. लॅपटॉपची सॅकही पाठीवरून उतरवून मागच्या सीटवर रबरी दोरीने बांधतो. पाच-सहा किलोचा तो ऐवज इतकी वर्षं दोन पट्ट्यांनी मानेलाच लटकलेला होता. आरशांच्या काड्या लांब करून घेतल्या, कारण मान वळवून मागे बघणं अजून जमत नाही. पूर्वीच्या आरशांत मला फक्त माझी कोपरं दिसायची.

काच बसवायचंही डोक्यात होतं, वारा अडवायला. पोरगा हसला. वाऱ्याचा त्रास व्हायला गाडी साठच्या पुढे जावी लागते. मोकळे म्हणावेत असे फ्रीवे आणि सी-लिंक, दोन्हींवर दुचाकीला बंदी. घाटकोपरला सकाळी साडेनऊला कसला आलाय वारा.

मुंग्या गेल्या. फिजिओच्या बाई म्हणतात, व्यायामाने. गॅरेजवाला म्हणतो, हँडलने. मी दोघांपुढेही मान डोलावतो. आता तेवढी डोलते.

एकच अडचण उरलीय. दर शनिवारी आम्ही दोघं ठाण्याला मेहुणीकडे जातो. पहिल्याच शनिवारी ही मागे बसली आणि तलावपाळीजवळच्या गतिरोधकावर गाडी बुडाने टेकली. “अहो, गाडीला झालंय काय? का मला काही सुचवताय?” मी काहीही सुचवत नव्हतो. तेव्हापासून पोराकडून एक अर्धचंद्रासारखा पाना घेऊन ठेवलाय. शनिवारी दुपारी खाली उतरायचं, दोन्ही शॉकअप दोन खाचा वर. रविवारी रात्री पुन्हा दोन खाचा खाली. हवा आधी वाढवायची, मग सोडायची. गेल्या रविवारी टॉर्च तोंडात धरून हेच करत होतो, तर आमचा वॉचमन खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसला. बराच वेळ बघून म्हणाला, “साहेब, दर आठवड्याला बिघडते. विकून का टाकत नाही?”