भरल्या सायकलीने कोकण किनारा: पुढचं छोटं चेनरिंग आधी ठरवा

पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून हरिहरेश्वर, मग किनारा धरून वेंगुर्ला-शिरोडा-रेडीपर्यंत, आणि शेवटी सावंतवाडीहून आंबोली चढून घाटमाथ्यावर. मार्ग नवा नाही. किनारे, देवळं, मासे यांच्यावर लोकांनी भरभरून लिहिलंय, त्यात मी भर घालत नाही. निघण्याआधी प्रत्येक जण टायर कुठले, पॅनियर (कॅरिअरला लटकणाऱ्या पिशव्या) कुठल्या, खोगीर कुठलं याचा खल करतो. पुढचा क्रँकसेट (पेडलचे दांडे आणि त्यांच्यालगतच्या दातेरी चकत्या, म्हणजेच चेनरिंग) मात्र दुकानातून आला तोच राहतो. या रस्त्यावर सगळ्यात जास्त त्रास किंवा सगळ्यात जास्त सुख त्याच वस्तूने दिलं, म्हणून हे लिहितोय.

आधी चढांचा स्वभाव समजून घ्या. किनारी रस्ता म्हटला की समुद्रसपाटी डोळ्यासमोर येते. प्रत्यक्षात खाडी, तिच्यावर उभा जांभ्याचा सडा म्हणजे उघडं खडकाळ पठार, सड्यावर चारदोन किलोमीटर वारा खात सपाट, की पुन्हा खाली खाडी. दर वेळी उंची शंभर-दीडशे मीटरच्या आसपास, पण ती दोन-तीन वळणांत संपवलेली. दिवसभरात असे पाच-सहा चढ आले की बेरीज एखाद्या मोठ्या घाटाएवढी होते आणि चढ मात्र घाटापेक्षा दुप्पट तीव्र. लेहला जाऊन आलेली माणसं इथे ‘हे काय, टेकाडं आहेत’ म्हणत येतात. हिमालयातले लष्करी रस्ते ट्रकसाठी आखलेले असतात, तिथे दम हवेने काढला जातो. कोकणातल्या गावरस्त्यांना असला हिशेब माहीत नाही. जिथून पायवाट होती तिथूनच डांबर गेलंय.

आम्ही तिघं होतो आणि तिघांच्या सायकली तीन तऱ्हेच्या, त्यामुळे तुलना आपोआप झाली. माझी ७०० × ३८ टायरची हायब्रिड. तिला ट्रेकिंगचा ४४/३२/२४ क्रँकसेट (आकडे चेनरिंगच्या दात्यांचे) आणि मागे ११-३४ चं नऊ गिअरचं कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा ११ ते ३४ दात्यांच्या चकत्यांचा संच. मित्राची ड्रॉपबारवाली (खाली वळलेल्या हँडलची), टायर माझ्याएवढेच, ५०/३४ असा दोन चेनरिंगचा कॉम्पॅक्ट, मागे ११-३२, अकरा गिअर. मावसबहिणीची जुनी २६ इंची एमटीबी (माउंटन बाइक), ४२/३२/२२ आणि मागे ११-३४. दिसायला तिची सायकल सगळ्यात गबाळी.

आता थोडं गणित. कंटाळा येईल, पण एकदा केलं की दुकानदाराशी बोलणं सोपं होतं. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा घेर, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते अंतर. ७०० × ३८ टायरचा घेर सुमारे २.१८ मीटर. मित्राचा सगळ्यात हलका गिअर ३४/३२, म्हणजे २.३२ मीटर. माझा २४/३४, १.५४ मीटर. बहिणीचं चाक लहान, घेर दोन मीटरच्या जरा वर, २२/३४ वर साधारण १.३ मीटर.

माणूस, सायकल, सामान, पाणी मिळून १०५ किलो धरा. दहा टक्के चढावर एवढं वजन वर ढकलायला, टायरचं घर्षण धरून, साधारण ११० न्यूटन जोर लागतो. मिनिटाला साठ, म्हणजे सेकंदाला एक फेरा मारत राहायचं तर मित्राला २५५ वॅट लागतात, मला १७०, बहिणीला १४५ च्या आसपास. हौशी सायकलवाला तासभर दीडशे-पावणेदोनशे वॅट काढतो. अडीचशे वॅटवर तो पाच-दहा मिनिटांत आडवा. मग तो फेरे कमी करतो, साठावरून चाळीसवर येतो. वॅट जमतात, पण प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर माझ्या दीडपट भार. पहिल्या दिवशी हे जाणवत नाही.

वेसवीच्या जेटीपासून त्याची झलक मिळाली. बागमांडल्याहून फेरीबोटीने पलीकडे उतरलो, बाणकोट-वेळास करून केळशीकडे निघालो, तोवर मित्र पुढे होता. उभं राहून, हँडल ओढत तो चढ मारत होता आणि सड्यावर आमची वाट बघत होता. आंजर्ले, हर्णै, मुरुड, कर्दे हा त्यातल्या त्यात सोपा पट्टा. बुरोंडीपासून दाभोळपर्यंत पुन्हा चढउतार. दाभोळहून धोपाव्याला उतरलं की जेटी संपते तिथेच चढ सुरू होतो, पाय गरम व्हायलाही जागा नाही. इथे एक सांगून ठेवतो: बोट लागायच्या आधी, चाक हाताने उचलून फिरवून, पुढे सगळ्यात लहान आणि मागे मोठ्या तीन चकत्यांपैकी एकीवर चेन आणून ठेवा. गाड्या सुटतात, मागून हॉर्न वाजतात, आणि त्या गर्दीत चढावर जोर लावलेला असताना पुढचा गिअर टाकायला गेलात तर चेन आतल्या बाजूला पडणार हे धरून चाला.

गुहागर, तवसाळ, जयगड. जयगडच्या जेटीवरून वर सड्यावर येणारा चढ पूर्ण मार्गातला माझा सगळ्यात नावडता. ट्रकांची वर्दळ आणि सावलीचं नाव नाही. मालगुंडला केशवसुतांच्या घरापाशी थांबलात तर पाणी भरून घ्या, कारण गणपतीपुळ्यानंतर आरे-वारेचा रस्ता सुंदर असला तरी चढ दाखवतोच. रत्नागिरीत मित्राने गुडघ्याला पट्टी बांधली. पूर्णगडच्या पुढे तो बसून पेडल मारू लागला, मग नागमोडी, आणि जैतापूर-विजयदुर्गनंतर खाली उतरून ढकलू लागला. देवगडहून कुणकेश्वर करून आचऱ्याकडे जाताना एका चढावर गडग्यावर बसलेल्या आजोबांनी त्याला गाठलं. सायकल खालपासून वरपर्यंत न्याहाळली, मागच्या चकत्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “गिअरची सायकल मां? मगे ढकलतास कित्याक?” बहीण तेवढ्यात बाजूने गेली, ताशी साडेचारच्या वेगाने, पाय शिवणयंत्रासारखे भराभर, तोंडाने गाणं चालू. आजोबांनी तिच्याकडे हात केला आणि पुढे काही बोलले नाहीत.

वेग साडेचारच्या खाली गेला की भरलेल्या सायकलीचा तोल सांभाळणं अवघड होतं, हीही बाजू आहे. एका फेऱ्याला १.३ मीटरच्या खूप खाली जाण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा उतरून चाललेलं बरं. शिवाय सगळं वजन मागच्या कॅरिअरवर असेल तर इतक्या हलक्या गिअरवर तीव्र चढात पुढचं चाक उचलतं. जड वस्तू पुढच्या पॅनियरमध्ये, खाली, असा आमचा नेम होता. माझ्या मते भरल्या सायकलीला कोकणात १.३ ते १.६ मीटर एवढी तळाची पातळी, म्हणजे सगळ्यात हलका गिअर, हवी. सामान अगदी कमी, बाइकपॅकिंगवाल्या धर्तीचं असेल तर १.९ पर्यंत चालून जाईल.

आणि वरचा गिअर? त्याची चिंता सोडा. ४४/११ वर मिनिटाला नव्वद फेऱ्यांनी ताशी ४७ किलोमीटर होतात. ५०/११ वर ५३. चार पॅनियर लावून, पुढे गुरं आणि वळण असताना, उतारावर यापेक्षा जोरात पेडल कोण मारतं? ५० चं चेनरिंग टूरिंगला निव्वळ शोभेचं.

आता बदलायचं कसं. सायकल नवीन घेत असाल तर ४८/३६/२६ किंवा ४४/३२/२४ अशी ट्रेकिंग ट्रिपल असलेली घ्या, प्रश्न मिटला. दोन्ही मिळत असतील तर मी डोळे मिटून दुसरी घेईन. ४२/३२/२२ ची एमटीबी घरात धूळ खात पडली असेल तर टायर बारीक टाका, शॉक लॉक करा, कॅरिअर लावा आणि निघा. यासाठी नवी सायकल घ्यायची गरज नाही.

सपाट हँडलवाल्यांचं काम सोपं आहे. ड्रॉपबारवाल्यांना मात्र एक अडचण येते. ब्रेक-गिअर एकत्र असलेला शिमानोचा रोड शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका) पुढच्या डिरेलरची, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाची, केबल जेवढी ओढतो, त्या मापाला एमटीबीचा पुढचा डिरेलर जुळत नाही. मागच्या बाजूला नऊ गिअरपर्यंत रोडचा शिफ्टर आणि एमटीबीचा डिरेलर गुण्यागोविंदाने नांदतात. दहापासून पुढे माप बदललं, तिथे मिसळामिसळ करू नका. म्हणूनच टूरिंगवाले अजून नऊ गिअरला धरून आहेत. पुढच्यासाठी हँडलच्या टोकाला बसणारा, टकटक न करणारा फ्रिक्शन शिफ्टर लावला की कुठलाही डिरेलर, कुठलंही चेनरिंग चालतं.

मित्रासारखं अकरा गिअरचं कॉम्पॅक्ट असेल तर त्याच्या ५०/३४ वर ३४ च्या जागी ३० बसत नाही. ११० मिलिमीटरच्या बोल्टवर्तुळात (चेनरिंगचे बोल्ट ज्यावर बसतात ते वर्तुळ) ३३-३४ च्या खाली जागाच उरत नाही. पूर्ण क्रँकसेट बदलून शिमानो जीआरएक्सचा ४६/३० लावायचा आणि मागे ११-३४. मग तळ १.९२ मीटरवर येतो. त्या क्रँकची चेनलाइन (चेनरिंगांचं सायकलीच्या मध्यरेषेपासूनचं अंतर) अडीच मिलिमीटर बाहेर असते, तेव्हा पुढचा डिरेलरही जीआरएक्सचाच घ्या, नाहीतर मोठ्या चेनरिंगवर चेन चढताना रडवते. कोणाकडे जुना पाच हातांचा ५०/३९/३० रोड ट्रिपल असेल तर तो भाग्यवान. आतल्या ३० चं बोल्टवर्तुळ ७४ मिलिमीटरचं असतं, त्यावर २६ किंवा २४ दात्यांचं चेनरिंग सरळ बसतं. चार बोल्ट नाहीत, पाच आहेत, एवढं बघून घ्या.

बदल केला की मागच्या डिरेलरची क्षमता मोजा: पुढच्या मोठ्या-लहानातला फरक अधिक मागच्या मोठ्या-लहानातला फरक. ४४/२४ आणि ११-३४ ला ती ४३ येते, म्हणजे लांब पिंजऱ्याचाच (चेनचा सैलपणा ओढून धरणारा खालचा भाग लांब असलेला) डिरेलर हवा. चेनची लांबी मोठ्यावर-मोठं टाकून तपासा. लहानावर-लहान लोंबली तर लोंबू दे, तो गिअर वापरायचाच नसतो. पुढच्या डिरेलरचा पिंजरा मोठ्या चेनरिंगच्या दात्यांपासून एक ते तीन मिलिमीटर वर. पन्नाससाठी असलेला पिंजरा चव्वेचाळीसवर आणला तर गोलाई जुळत नाही, थोडी कुरकुर सहन करावी लागते.

बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा आस ज्यात फिरतो तो भाग) चौकोनी आसाचा, म्हणजे टेपरचा, की पोकळ आसाचा हॉलोटेक, यावर वाद घालणारे घालोत. माझ्याकडे चौकोनी टेपरचं सीलबंद कार्ट्रिज आहे, खाऱ्या हवेत काही झालं नाही. हॉलोटेकचे क्रँक पाच मिलिमीटरच्या अॅलनने आणि टोपीच्या छोट्या प्लास्टिक पान्याने निघतात, हा मात्र खरा फायदा. चौकोनीला पुलर (क्रँक ओढून काढायचं अवजार) लागतो आणि किनाऱ्यावरच्या गावांत तो मिळणं कठीण. तिथल्या सायकल दुकानात पंक्चर, स्पोक, कॉटर पिन यांची सोय उत्तम, आपल्या चेनव्हीलकडे मात्र दुकानदार कुतूहलाने बघतो. चेनरिंगचे दोन जादा बोल्ट, क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), आणि चौकोनी असेल तर आठ मिलिमीटरची अॅलन, एवढं जवळ ठेवा. क्रँक-बोल्ट पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर एकदा आवळा.

आंबोलीची धास्ती घेऊ नका. हा रस्ता वेंगुर्ला बंदरातून बेळगावकडे रसद नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात वापरात होता, आणि बैलगाडीला झेपेल असाच त्याचा चढ. दाणोलीनंतर वर चढत जाऊन आंबोली सुमारे ६९० मीटरवर, पण सरासरी चार-पाच टक्क्यांच्या आसपासच. मी मधल्या ३२ च्या चेनरिंगवरच बराचसा चढलो. गुडघ्याला पट्टी बांधलेला मित्रसुद्धा इथे न उतरता वर आला आणि धबधब्यापाशी भजी खात म्हणाला, “हा घाट, आणि ते काय होतं मग?”

जायचं तर डिसेंबर-जानेवारी. सड्यांवर झाड नसतं, सकाळी उजाडताच निघा आणि अकरापर्यंत मोठे चढ उरका. फेरीबोटीची शेवटची खेप आदल्या मुक्कामीच विचारून ठेवा. सावंतवाडीहून रेल्वेने परतणार असाल तर सायकल पार्सल करताना पेडल काढावी लागतात. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, आणि खाऱ्या हवेने दोन्ही क्रँकमध्ये जाम बसतात. निघायच्या आधी घरीच सैल करून आट्यांना ग्रीस लावून घ्या. स्टेशनवर हमालाचा पाना उसना घेऊन उलट्या दिशेला जोर लावणारे लोक क्रँकचे आटे घालवतात.